कन्या घरी आल्यापासून

2016 साली आमची दत्तक कन्या दुबईस आली तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि तोवरचे सारे आयुष्य तिने पुण्यातील एका संस्थेच्या मोठ्या दालनात, रांगेने मांडलेल्या खाटांमध्ये काढले होते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, जेथे एका अंगास गोदामे व कारखाने आणि दुसऱ्या अंगास ग्रीन कम्युनिटी या वसाहतीची झाडी आहे, तेथील आमच्या घरात तिच्यासाठी आम्ही हौसेने स्वतंत्र खोली सजविली होती. परंतु ज्या मुलीने आजवर इतर मुलांच्या श्वासांच्या सोबतीनेच झोप घेतली, तिला बंद काचांची ती निःशब्द खोली भयप्रद वाटली. ती रात्री जागी होई, डोळे उघडे ठेवून पडून राही, पण रडत नसे. रडले असता कोणी धावून येते, हा विश्वास जेथे एका दाईकडे अनेक मुले असतात तेथे सहसा उपजत नाही. पोळीचे तुकडे ती उशीखाली लपवी. आम्ही ते काढून घेतले नाहीत. उशाशी खाऊचा एक डबा ठेवला, तो कधीही रिकामा होऊ दिला नाही, आणि तिची खाट आमच्या खोलीत आणली. पुढे एके रात्री ती मोठ्याने रडली तेव्हा आम्हां उभयतांस जे समाधान वाटले, ते तिच्या पहिल्या हास्यानेही वाटले नव्हते.

कागदपत्रांचा व्याप मोठा होता खरा. संयुक्त अरब अमिराती आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या 1993 च्या हेग करारात सामील नसल्याने गृहपरीक्षणाची तजवीज वेगळी करावी लागली, ‘कारा’ या भारतातील मध्यवर्ती दत्तक प्राधिकरणाच्या संगणकीय यादीतून आलेले छायाचित्र व वैद्यकीय अहवाल पाहून 96 तासांच्या मुदतीत होकार कळवावा लागला, त्यानंतर ना-हरकत दाखला, न्यायालयाचा हुकूम, पारपत्र, व्हिसा. परंतु दप्तरी कामास निदान शेवट असतो.

भाषेविषयी मात्र आम्ही हट्ट धरला. येथे शेजारी मल्याळम, शाळेत इंग्रजी, दुकानात हिंदी. या गदारोळात संस्थेतील मावशींच्या तोंडून तिने ऐकलेली मराठी हाच तिच्या पूर्वायुष्याचा एकमेव अखंड धागा होता, आणि तो आमच्या सोयीसाठी तोडण्याचा अधिकार आम्हांस नाही, असे मला वाटले व आजही वाटते.

सर्वांत अधिक त्रास दिला तो लोकांच्या स्तुतीने. गणपतीस जमलेली सज्जन मंडळी तिच्यादेखत म्हणत, “वहिनी, केवढे पुण्याचे काम केलेत!” हे शब्द सद्भावनेचे असले, तरी ज्या मुलीस आपण कोणाच्या तरी पुण्याईवर जगत आहोत असे वारंवार ऐकावे लागते, ती हट्ट करावयास, चुकावयास, रागावावयास भिते, आणि जे मूल आईबापांवर रागावू शकत नाही ते त्यांचे कसे होणार? आपल्याकडे दत्तकविधान प्राचीन आहे, पण त्याचा रोख फार काळ घेणाऱ्याच्या गरजेकडे राहिला. 1875 साली कवळाण्याचा बालक गोपाळ सयाजीराव म्हणून बडोद्याच्या गादीवर बसला तो गादीस वारस हवा म्हणून. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यापूर्वी शास्त्रोक्त दत्तक म्हटला की तो मुलगाच असे. याउलट जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई नामक विधवेच्या यशवंतास पोटाशी धरले, त्यास वाढविले, तो डॉक्टर झाला. त्या घरी मुलाच्या जन्माची लाज बाळगली गेली नाही, आणि माझ्या मते सर्व दत्तक मातापित्यांनी शिकावयाचे ते तेथेच.

तिचा जन्म माझ्या पोटी झाला नाही, हे आम्ही तिला आरंभापासून सांगत आलो. परंतु एकदा सांगून ते संपत नाही. चौथ्या वर्षी ती गोष्ट म्हणून ऐके, आठव्या वर्षी तिने विचारले, “मग तिने मला का ठेवले नाही?” आणि मी, जे कारण मला ठाऊक नाही ते गोड करून सांगण्याचा मोह आवरून, “ते मला माहीत नाही, पण तुझ्यात काही उणे होते म्हणून नव्हे,” एवढेच म्हणाले. दवाखान्याच्या तक्त्यात कुटुंबातील व्याधींची जागा आम्ही कोरी सोडतो, तेही आता ती पाहते.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिला स्वतः मूळशोधाचा, म्हणजे आपल्या जन्माची माहिती मिळविण्याचा, अर्ज करता येईल, तत्पूर्वी आमच्यासह. त्या अर्जाची घाई तिला नाही. संस्था पाहावी, मावशींस भेटावे, एवढीच तूर्त तिची इच्छा असून, येत्या सुटीत जाण्याचा बेत ठरला आहे. तेथे कोणास काय विचारावयाचे, आणि त्या वेळी आम्ही जवळ असावे की बाहेर थांबावे, हे तिचे तिने ठरवावयाचे आहे.