लय हरवलेल्या खेळाडूला बसवावं का?

अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, कारण त्याचा चटका अमरावतीच्या जितेश शर्माला बसला. याच यष्टिरक्षकाने २७ मे २०२५ रोजी आयपीएलमध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटून बंगळुरूला २२८ चं लक्ष्य गाठून दिलं होतं.

त्याच वर्षी २ नोव्हेंबरला होबार्टमधल्या टी-२० सामन्यात संजू सॅमसनला बसवून भारताने जितेशला खेळवलं. त्याने १३ चेंडूंत नाबाद २२ धावा करून सामना संपवायला हातभार लावला. पण सॅमसन त्याआधी सलामीला खेळत होता. शुभमन गिलसाठी त्याला मधल्या फळीत ढकललं होतं. बिघडली होती ती जागा, हात नव्हे.

डिसेंबरमध्ये धावांसाठी झगडणाऱ्या गिललाच टी-२० विश्वचषक संघातून वगळलं. सॅमसन पुन्हा सलामीला आला. सलामीवीरच यष्टिरक्षक झाल्यावर जितेशची जागा गेली, चूक नसताना.

म्हणून प्रशिक्षकाने आधी तपासावं: तंत्र बिघडलंय, की दोन-चार डाव वाईट गेलेत? खेळाडू त्याच्या हक्काच्या क्रमांकावर आहे का? बदली खेळाडू तेच काम अधिक चांगलं करेल का? उत्तरं स्पष्ट असतील तर खुशाल बसवावं, पण कारण त्याला समोर बसवून सांगावं. एवढा मान प्रत्येक खेळाडूचा हक्कच आहे.