कानात शिट्टी वाजते?

वरातीत डीजेजवळ तासभर नाचून आल्यावर कानात शिट्टी वाजते ना? तो थकवा नव्हे, इजेची खूण आहे. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास! २००० च्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ आहे. आवाज सतत मोजणारी केंद्रे २०११ साली मुंबई-दिल्लीसह सात महानगरांत आली. आपल्याकडे यंत्र नसेल तर साधी कसोटी लावा : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, की ८५ ओलांडले समजावे. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानात तेल ओतू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना त्वरित दाखवा.