तूर विकायची की डाळ? आधी हिशेब, मग कंपनी

बाभुळगाव : तालुक्यात कापूस, सोयाबीनसोबत तूर पिकते. काढणी झाली की उधारी आणि पोरांची फी डोक्यावर असते. मग पोतं थेट बाजार समितीत, नाहीतर खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातं. चार महिन्यांनी तोच शेतकरी दुकानातून डाळ विकत आणतो. ‘आपणच डाळ करून विकली तर?’ हा विचार पारावर नेहमी निघतो. त्याची कंपनी कशी होते आणि गाडी कुठे अडते, ते असे.

पहिला हिशेब

एक क्विंटल तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते. उरलेली चुरी-कोंडा जनावरांच्या खाद्यात जातो. समजा, तूर 7,000 रुपये क्विंटल आणि डाळ ठोकमध्ये 110 रुपये किलो आहे. 70 किलोचे 7,700 रुपये होतात. फरक 700 रुपयांचा, वर चुरीचे पैसे. पण हा नफा नव्हे. यातूनच भरडाई, मजुरी, बारदाना, गाडीभाडे आणि व्याज जाते. हे भाव फक्त उदाहरणाचे आहेत. आकडे त्या दिवशीचे घालावे.

म्हणून पहिल्याच वर्षी मिल टाकू नये. दुसऱ्याच्या मिलमध्ये 10-20 क्विंटल भरडून विकून पाहावी. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागायला आलं, तर धंदा आहे असं समजावं. खाद्यपदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र आधी लागते.

कंपनी कशी होते?

शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात 2003 पासून आहे. किमान 10 शेतकरी एकत्र येऊन ती काढू शकतात. संचालक 5 ते 15 असतात. वैयक्तिक सभासदांची कंपनी असेल तर शेअर कितीही असोत, प्रत्येकाला मत एकच. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांपैकी चालत नाही. नफा झाला तर ज्याने जास्त माल दिला, त्याला त्या प्रमाणात बोनस देता येतो.

गाडी कुठे अडते?

अनुदान मिळेल म्हणून कंपनी काढली आणि माल एक कट्टाही घेतला नाही, असं झालं की त्रास सुरू होतो. नोंदणीनंतर 90 दिवसांत पहिली आमसभा घ्यावी लागते. वर्षभरात कामच सुरू झालं नाही, तर निबंधक कंपनीचं नाव काढून टाकू शकतात. वार्षिक विवरणपत्राला उशीर झाला तर दर फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये शुल्क चढतं. सलग तीन वर्षे विवरण भरलं नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. म्हणजे सीएचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा आणि नुसतं नावापुरतं संचालक होऊ नये.

सह्याद्रीचा धडा

नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स आज मोठी दिसते. विलास शिंदे यांनी 2004 च्या सुमारास मोजक्या शेतकऱ्यांची द्राक्षं युरोपला पाठवण्यापासून सुरुवात केली. शेतकरी उत्पादक कंपनी त्यानंतर काही वर्षांनी झाली. 2010 मध्ये रासायनिक अंशामुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा त्यांनाही फटका बसला. पुढे 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये गुंतवले. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : आधी बाजार, मग कंपनी, पैसा सगळ्यात शेवटी.

पैसा कुठून?

पहिलं भांडवल सभासदांच्या शेअरचं. केंद्राने 2020 मध्ये 10,000 शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली. राज्यात ‘स्मार्ट’ प्रकल्प आला. सध्या कोणती योजना सुरू आहे, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावं. अनुदान उशिरा येतं आणि बँकेचा हप्ता वेळेवर येतो. त्यामुळे अनुदानाशिवाय धंदा तगतो का, हे कागदावर मांडूनच सही करावी.