सहा सिलिंडरच्या जुन्या मोटारीसाठी दोन बॅरलच्या कार्बुरेटरची निवड

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणाऱ्या डॉज, प्लायमाऊथ या मोटारींच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर एकाच बॅरलचा कार्बुरेटर असे. त्याजागी दोन बॅरलचा बसविताना ‘मोठा तो चांगला’ हा समज प्रथम दूर सारावा लागतो.

इंजिनास लागणारी हवा गणिताने काढता येते. ३.६ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटास ३,६०० फेऱ्यांच्या वेगात ६,४८० लिटर हवा ओढू शकते. सिलिंडर ७५ टक्के भरतात असे धरल्यास ती ४,८६० लिटर, म्हणजे सुमारे १७० घनफूट होते. याहून फार मोठा कार्बुरेटर घेतल्यास व्हेंच्युरीतील हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे तुषार नीट होत नाहीत व कमी वेगात मोटार अडखळते. म्हणून ॲक्सिलरेटर बराच दाबल्यावरच दुसरे बॅरल उघडणारा प्रकार इष्ट होय. अर्थात, मूळ मॅनिफोल्ड तसाच राहिल्यास मधल्या व टोकाच्या सिलिंडरांना असमान मिश्रण मिळण्याचा दोष कोणत्याही कार्बुरेटरने जात नाही.

जेटची निवड परभणीसारख्या उष्ण जिल्ह्यात अधिक नाजूक ठरते. ४२ अंश तापमानात हवा विरळ झाल्याने मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढते. उलट वीस टक्के इथेनॉलमिश्रित इंधनामुळे मिश्रण पातळ होते, शिवाय जुने रबरी भागही खराब होतात. यातील दुसरा परिणाम अधिक प्रबळ असल्याने जेट थोडा मोठा घ्यावा आणि मोटार भार देऊन चालविल्यानंतर स्पार्क प्लगचा रंग तपासावा.