लोहमार्गाचा सायकलमार्ग : एका अखंड पट्ट्याचा इतिहास

लोहमार्ग बंद पडला म्हणजे प्रथम रूळ उचलले जातात, कारण त्यांना बाजारात किंमत असते. मागे उरतो तो भराव, खोदाई आणि पूल यांनी सिद्ध झालेला एक लांब, अरुंद जमिनीचा पट्टा. या पट्ट्याचे मोल त्याच्या क्षेत्रफळात नसून त्याच्या अखंडत्वात असते. मधला एखादा तुकडा गेला, तर उरलेल्या भागांची किंमत पुष्कळ उतरते. आणि वस्ती वाढल्यावर तो तुकडा परत मिळविणे जवळजवळ अशक्य होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर भागातील ‘वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन’ हा सायकलमार्ग या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

पोटोमॅक नदीवरील अलेक्झांड्रिया बंदरातून निघालेला हा लोहमार्ग १८६० साली लीसबर्गपर्यंत पोहोचला. ब्लू रिज पर्वत ओलांडून पलीकडचा कोळसा बंदरात आणावा, हा मूळ उद्देश होता. तो कधीच सफल झाला नाही. १८७४ साली पर्सेलव्हिल व १९०० साली पर्वताच्या पायथ्याचे ब्लूमाँट येथवर मार्गाची मजल गेली. पुढे मोटारींची स्पर्धा वाढली. उतारूंची वाहतूक १९५१ साली थांबली आणि १९६८ साली मालगाड्याही बंद झाल्या.

यानंतरही पट्टा बहुतांशी एकसंध राहिला, याचे श्रेय प्रथमतः सायकलस्वारांना देता येत नाही. काही भाग राज्याच्या महामार्ग खात्याने घेतला. उरलेला बहुतेक पट्टा वीज कंपनीने विकत घेतला. विजेच्या उच्चदाबाच्या तारांनाही अखंड जागाच लागते. १९७४ साली फॉल्स चर्च या गावी एका तुकड्यावर प्रायोगिक सायकलमार्ग करण्यात आला. तो लोकप्रिय ठरल्यावर प्रादेशिक उद्यान प्राधिकरणाने वीज कंपनीकडून ही जमीन घेतली आणि १९८८ साली मार्ग पर्सेलव्हिलपर्यंत नेला. आज सुमारे ४५ मैल लांबीचा हा डांबरी मार्ग विजेच्या मनोऱ्यांच्या सोबतीने उपनगरांतून जातो.

तो ब्लूमाँटपर्यंत का जात नाही, या प्रश्नाचे उत्तर बोधप्रद आहे. पर्सेलव्हिलच्या पलीकडील लोहमार्ग विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीसच सोडून देण्यात आला होता. त्या वेळी अखंड पट्ट्याला गिऱ्हाईक नव्हते. जो भाग उशिरा बंद पडला तो वाचला. जो आधी बंद पडला तो हातचा गेला.

लोहमार्गाची रचना सायकलीस अनुकूल असते. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घसरते. म्हणून चढ अत्यंत सौम्य ठेवावा लागतो आणि वळणेही विस्तीर्ण असतात. आगगाडीसाठी केलेली ही सोय मनुष्याच्या पायांनाही मानवते. मात्र एका बाबतीत स्थिती उलटी होते. रस्ता ओलांडताना आगगाडीला अग्रक्रम असे. सायकलस्वाराला तो सामान्यतः नसतो. अशा मार्गांवरील धोक्याची जागा म्हणजे हे छेदबिंदूच होत.

उरतो तो मालकीचा प्रश्न. आणि तो बव्हंशी एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. अमेरिकेत अनेक कंपन्यांकडे जमिनीची मालकी नसून केवळ वहिवाटीचा हक्क होता. मार्गाचा ‘परित्याग’ झाला की हा हक्क संपतो आणि जमीन लगतच्या मालकाच्या ताब्यात जाते. १९८३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन असे ठरले की, भविष्यकाळी पुन्हा आगगाडी सुरू होण्याची शक्यता राखून पट्टा तात्पुरता पायवाटेसाठी वा सायकलींसाठी दिल्यास तो परित्याग समजू नये. व्हरमाँट राज्यातील जमीनमालकांनी यास आव्हान दिले. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा ग्राह्य ठरविला. तथापि मालकांना नुकसानभरपाई मागण्याचा मार्गही मोकळा ठेवला.

या निर्णयात दोन्ही बाजूंचे सत्य मान्य झाले आहे. पणजोबांनी आगगाडीसाठी दिलेली जमीन सायकलींसाठी दिली होती असे म्हणता येत नाही, ही मालकाची तक्रार निराधार नाही. परंतु एकदा तुटलेला पट्टा पुन्हा सांधता येत नाही, हेही तितकेच खरे. उत्तर व्हर्जिनियात जे वीज कंपनीच्या गरजेमुळे योगायोगाने घडले, ते इतरत्र हेतुपूर्वक घडावे, एवढाच या कायद्याचा इत्यर्थ होय.