अणूंच्या रांगा दाखवणारा सूक्ष्मदर्शक

एखादा धातू लवचीक का आणि दुसरा ठिसूळ का, याचे उत्तर बहुधा त्याच्या अणूंच्या मांडणीत असते. सोन्याच्या स्फटिकात अणूंचे थर एकमेकांपासून जेमतेम ०.२४ नॅनोमीटरवर असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्यामुळे, साध्या सूक्ष्मदर्शकाचे भिंग कितीही निर्दोष असले तरी साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू त्यात वेगळे दिसत नाहीत.

३०० किलोव्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मात्र फक्त ०.००२ नॅनोमीटर असते. त्याला वळवण्यासाठी काचेऐवजी चुंबकीय भिंगे लागतात. असा पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिनला उभारला. पण गोल चुंबकीय भिंगात गोलीय विपथनाचा, म्हणजे कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न मिळण्याचा, दोष अटळ असतो, हे ओटो शेर्झर यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. या दोषावर मात करायला साठ वर्षे गेली. हाराल्ड रोझ, माक्सिमिलियान हायडर आणि क्नूट उर्बान यांनी अनेक ध्रुवांच्या जादा भिंगांनी तो दूर केला आणि १९९८ मध्ये ०.१४ नॅनोमीटरपर्यंतचा तपशील दाखवला. आज ही मर्यादा ०.०५ नॅनोमीटरच्याही खाली गेली आहे.

खरी कसोटी लागते ती नमुना तयार करताना. इलेक्ट्रॉन आरपार जायचे, तर नमुना काही डझन नॅनोमीटर इतका पातळ हवा. धातूची तीन मिलिमीटर व्यासाची चकती घासून पातळ करतात. मग मधोमध बारीक भोक पडेपर्यंत तिच्यावर तिरक्या कोनातून अर्गॉनच्या आयनांचा मारा करतात. पाहायची असते ती त्या भोकाची कड. या खटाटोपात कडेचीच रचना बिघडण्याचा धोका असतो, म्हणून शेवटचा मारा सौम्य ठेवतात.

पडद्यावर दिसणारे ठिपके म्हणजे अणूंचे सरळसोट फोटो नव्हेत. नमुन्यातून गेलेल्या इलेक्ट्रॉन-लहरी एकमेकींत मिसळून ते चित्र बनते. फोकस किंचित बदलला तरी पांढऱ्या ठिपक्यांच्या जागी काळे येतात. त्यामुळे संगणकावर काढलेल्या अपेक्षित चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

हेच यंत्र इलेक्ट्रॉनांचे विवर्तनही, म्हणजे स्फटिकातून जाताना त्यांचे ठरावीक दिशांना विखुरणेही, दाखवते. अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या प्रयोगशाळेत ८ एप्रिल १९८२ रोजी डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम-मँगनीजच्या झटपट थंड केलेल्या मिश्रधातूत केंद्राभोवती दहा ठिपक्यांचे वर्तुळ दिसले. तेव्हाच्या नियमांनुसार स्फटिकात अशी सममिती अशक्य होती. हे जुळे स्फटिक, म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी एकमेकांना जोडलेले साधे स्फटिक, असतील, ही शंका त्यांनी स्वतःच तपासली. जुळे सापडले नाहीत. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञाने अखेरपर्यंत विरोध केला, पण पुरावा टिकला. २०११ मध्ये शेख्टमन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

एका चित्रात मात्र पदार्थाचा अतिसूक्ष्म कोपराच दिसतो. तो कोपरा प्रातिनिधिक आहे की अपवाद, हे ठरवण्यासाठी क्ष-किरण विवर्तनासारखी मोठ्या नमुन्याची तपासणी जोडीला लागतेच. ती नसेल, तर चित्र कितीही देखणे असले तरी त्यावरून सबंध पदार्थाबद्दल केलेले विधान मान्य करू नये.