वसवा

आमच्या शेताच्या बांधावर एक जुना कडुनिंब आहे. बांधाच्या दक्षिणेचे रान आमचे, उत्तरेचे चुलत्यांचे. वाटण्या झाल्यापासून दर रब्बीला चुलते म्हणतात, "झाडाच्या वसव्याने माझी ज्वारी खुरटते." वडील म्हणतात, "मुळ्या दोन्हीकडे गेल्यात. नुकसान दोघांचं सारखंच." एवढ्यावरून दोन घरांतले बोलणे तुटले. मी कला शाखेची विद्यार्थिनी; आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच. पण खरे कोणाचे, हे शोधून काढावे असे मनाने घेतले.

हिरवी पाने पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून सूर्यप्रकाशाच्या बळावर साखर तयार करतात व प्राणवायू बाहेर टाकतात. हेच प्रकाशसंश्लेषण. पाण्यात बुडवलेल्या पानांतून उजेडात बुडबुडे निघतात, अंधारात निघत नाहीत, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवले. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीवर प्रयोग केले व १९२४ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

विज्ञान शाखेतील मैत्रिणीच्या मदतीने मीही हायड्रिलाच घेतली. काचेच्या भांड्यात पाणी, त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा (म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी पडत नाही), फांदीवर पालथे नरसाळे आणि त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. शंभर वॅटचा दिवा आधी १०, मग २०, मग ४० सेंटिमीटरवर ठेवला. दिव्याच्या उष्णतेने घोटाळा होऊ नये म्हणून मध्ये पाण्याची काचेची बरणी ठेवली. दर वेळी पाच मिनिटे थांबून मग बुडबुडे मोजले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिवा दुप्पट दूर नेला की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. चौपट दूर नेला की सोळावा हिस्सा उरतो. दिवा दूर गेला तसे बुडबुडे झपाट्याने कमी झाले. मात्र दिवा १० सेंटिमीटरच्याही आत आणला, तेव्हा ते फारसे वाढले नाहीत. एका मर्यादेनंतर उजेड मुबलक होतो आणि दुसरीच एखादी गोष्ट, कार्बन डायऑक्साइड किंवा तापमान, अडून बसते. जी गोष्ट सर्वांत तोकडी, तीच वेग ठरवते, हा नियम ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडला.

ही मर्यादा सर्व पिकांना सारखी नसते. मोसंबीच्या किंवा गव्हाच्या एकट्या पानाला भर उन्हाच्या बऱ्याच कमी उजेडात पुरेसे होते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची पाने मात्र भर दुपारच्या उन्हातही आणखी प्रकाश वापरू शकतात. म्हणून सावलीचा फटका ज्वारीला लगेच बसतो.

आता बांधाकडे वळू. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्या जालना भागात त्या वेळी ऐन दुपारीसुद्धा झाडाची सावली जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी लांब पडते, आणि ती उत्तरेकडे. म्हणजे चुलत्यांच्या ज्वारीवर! जून-जुलैत सूर्य डोक्यावर असल्याने हा प्रकार होत नाही. खरिपात चुलत्यांची तक्रार का नसते, ते मला तेव्हा उमगले.

मुळ्यांचे काय? मुळ्या पाणी ओढतात हे खरेच. परंतु दोष केवळ मुळ्यांचा असता, तर दोन्ही बाजूंची ज्वारी सारखीच खुरटली असती. मी बांधावर उभी राहून पाहिले. आमची ज्वारी झाडाच्या बरीच जवळपर्यंत कंबरेच्या वर गेली होती; चुलत्यांची मात्र सावली संपेपर्यंत गुडघ्यालाच अडली होती.

वडिलांना मी हे सारे वहीवर आकृती काढून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. कडुनिंब तोडायचा नाही, पण फांद्या छाटून तो विरळ करायचा आणि छाटणीला चुलत्यांना बोलवायचे, असे त्यांनी ठरवले. निरोप घेऊन मीच गेले.